विलायतेतलं आपलं पोरगं

माझ्या दिराचं लग्न एका इंग्रजाच्या जुगारापायी मोडता मोडता राहिलं.

बीदरच्या कॉलेजात बरोबर शिकलेल्या मैत्रिणींचा आमचा फोनवर एक ग्रुप आहे. तिथं व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक जाडजूड कादंबरी, त्या काळी मासिकातून यायची तशीच, हप्त्याहप्त्यानं दर गुरुवारी येते. पुढचं वाचायचं नाही, हा नियम. (तो पाळणारी मी एकटीच होते, हे नंतर कळलं!) तो हप्ता मी मागच्या अंगणात आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आणि शेजारणींना तूर निवडता निवडता मराठीत सांगायची. नायकाचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, तेव्हा आत्यांनी त्याला दत्तकच घेतलं. तो झाला 'आपलं पोरगं'. लिहिणारा लंडनात बसून दर आठवड्याला लिहितोय, अशी आत्यांची समजूत. त्याला दुखणंखुपणं येऊ नये म्हणून त्या सोमवारी बसवण्णाला नारळ फोडायच्या. (खोबरं बरं असायचं, म्हणून मीही काही बोलले नाही.)

शिवराज, माझा दीर, शेती बघतो. ऊस, तूर, दोन म्हशी आणि व्यसन सुपारीचंसुद्धा नाही. पण शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळणं किती अवघड आहे, हे आमच्या राजेश्वर गावात कुणालाही विचारा. नकार पचवून पचवून तो आरशात बघायचाही बंद झाला होता. अशात औरादची माणसं घर बघायला येतो म्हणाली आणि आली ती नेमकी गुरुवारी!

घर बघायला येणारा शहाणा माणूस घर बघतच नाही. तो हात धुवायच्या निमित्तानं मागच्या दारी जातो आणि कान उघडे ठेवतो. पुढच्या खोलीत काय, सगळेच सज्जन असतात. आत्यांना हे पुरतं ठाऊक, कारण माझ्या नणंदेचं स्थळ बघताना त्यांनी स्वतः हेच केलं होतं. म्हणून सकाळीच त्यांनी मला बजावलं, आज फोनला हात लावायचा नाही. मी लावलाही नसता. पण मागच्या हप्त्यात पोलीस दारावर थाप मारून थांबले होते! सात दिवस!

पाहुणे पुढच्या खोलीत बसले आणि मी आत चुरमुऱ्यांचा सुसला परतत होते, तोच हप्ता आला. शेजारणी नेहमीप्रमाणे तूर घेऊन मागच्या दारी हजर. पाच मिनिटांत सांगते म्हटलं आणि फोडणीच्या तडतडीत ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानंच सुरू केलं. पाणी न्यायचं निमित्त करून आत्याही येऊन उभ्या राहिल्या. आपलं पोरगं जुगारात गळ्यापर्यंत बुडालंय, पोलीस दारात आलेत आणि मुलीच्या बापाला अजून पत्ता नाही, इथवर मी पोचले आणि आत्यांना राहवेना.

"मुलीकडच्यांना आत्ताच कळू देऊ नये म्हणावं," त्या कळवळून म्हणाल्या. "एकडाव अक्षता पडल्या की मग कोण काय करायलंय."

मागं धाडकन तांब्या पडला. हात धुवायला आलेली मुलीची मावशी भिंतीला टेकून उभी होती.

पाहुणे सुसल्याची वाट न बघता उठले. मुलीचे वडील माझ्या सासऱ्यांना शांतपणे म्हणाले, "येतो आम्ही. तुमच्याकडं पोलीस यायलेत म्हणं."

मी सुसल्याच्या बश्या घेऊन धावत पुढं गेले. "अहो, ते पोरगं विलायतेतलं हाय."

"म्हंजे तिकडंबी जाऊन आलाय व्हय?" मावशी म्हणाली.

शिवराज जन्मात हैदराबादच्या पलीकडं गेलेला नाही. पण नव्या शर्टात त्याला असा घाम फुटला होता की क्षणभर मलाही शंका आली. मला त्याची फार दया आली. शेवटी मी फोन दाखवला आणि पुढच्या खोलीत उभी राहून अख्खा हप्ता मराठीत वाचला. मुलीचे वडील खाली बसले. मावशीनं सुसल्याची बशी जवळ ओढली. आपल्या पोरानं दाराची कडी काढली आणि हप्ता संपला!

"मंग?" मावशीनं विचारलं.

पुढच्या गुरुवारी, असं मी म्हणताच तिनं बशी खाली ठेवली. ऐन वेळी गप्प बसतात म्हणजे पाणी मुरतंय! तिनं तडक बीदरला शिकणाऱ्या भाचीला, म्हणजे नवऱ्या मुलीलाच फोन लावला आणि माझ्याकडून कादंबरीचं नाव वदवून घेतलं. सगळे फोनभोवती गोळा झाले. थोड्या वेळानं पलीकडून खुदकन हसू आलं.

"मावशी, समदं पुस्तक फोनवर फुकट हाय की, शेवट बघितला मी. जुगार त्याच्या भावानं खेळला व्हता, ह्यानं आळ आपल्यावर घेतला. शेवटी सुटतंय, लग्नबी व्हतंय."

"आन् लिहिणारा?" आत्यांनी फोनपाशी तोंड नेलं.

"त्याला जाऊन शंभरावर वर्षं झाली."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. सगळे नारळ त्या एका नजरेत होते. मग त्या मुलीच्या वडिलांकडं वळल्या. "पोरगी हुशार हाय. आमची पसंती."

मावशी म्हणाली, पोरगंही चांगलंच निघालं म्हणायचं. (कुठलं, ते कुणी विचारलं नाही.) तिथल्या तिथं सुपारी फुटली. आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आता कथा शिवराजची बायको सांगते. गुरुवार बघत नाही, रोज संध्याकाळी प्रकरणंच्या प्रकरणं उरकते आणि शेजारणी तिच्यासाठी चहा करून आणतात. मी तूर निवडते. परवा तिला ठसका लागला, तेव्हा मी हळूच म्हटलं, पुढचं मी सांगू का?

"तू ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाल्या. "तुझं पोरगं सात सात दिवस दारातच उभं ऱ्हातंय."