पोरीच्या झोपेवर माझा पहारा

आमची पोरगी वीस दिवसांची होती, तेव्हा तिचा श्वास बंद पडल्याचं मी अख्ख्या गल्लीला कळवलं होतं. पोरगी तेव्हा मजेत झोपलेली होती.

त्या दुपारी बायको म्हणाली, "अहो, वीस दिवसांत मी सलग तासभर झोपली नाही. आज फक्त एक तास द्या मला. पोरगी गोधडीवर झोपली आहे. तिच्याकडे नुसतं पाहत बसा. हात लावू नका, बोलू नका, डोकं चालवू नका!" (तिसरी अट दोनदा सांगितली.) आणि ती आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली.

आता मी यावलकडचा केळीवाला. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण ड्रिपच्या नळीचे थेंब मोजण्यात मला तोड नाही. थेंब थांबला की ड्रिपर चोक, म्हणजे त्याचं भोक बुजलं. चोक झाला की टिचकी मारायची. एवढंच माझं शिक्षण! तर मी बसलो पोरीचे श्वास मोजायला.

पोट वर, पोट खाली. मग एकदम भराभर, जशी मोटर नुकतीच सुरू झाली. आणि मग... बंद!

एक. दोन. तीन. चार. पाच. (पाचपर्यंत मोजायला मला जन्मात एवढा वेळ लागला नव्हता.) टिचकीसाठी बोट उचललं, तेवढ्यात पोट हललं. हुश्श! दोन मिनिटं गेली, परत बंद!

"आबा! पोरगी चोक झाली!"

आबा म्हणजे माझे वडील, ओट्यावरून धोतर सावरत धावले. "ओरडू नको गधड्या, सून झोपली आहे!" हे ते इतक्या जोरात ओरडले की शेजारची अक्का दोन्ही सुनांना घेऊन आली. रस्त्यानं चाललेले केळी कापणारे चार गडीही आत आले, कोयते हातातच. प्रत्येक जण आत येऊन दुसऱ्याला सांगत होता, "आवाज करू नका!"

बाळंतपणाला आलेल्या माझ्या सासूबाई पारोळ्याच्या. त्या स्वयंपाकघरातून आल्या, खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "अरे, पोर हासी राह्यनी! सटवाई हसाडी राह्यनी तिले!"

खरंच! सटवाई हसवत असल्यासारखी पोरगी झोपेतच गालात हसली. मग ओठ काढला. मग कपाळाला आठ्या पाडल्या, जशी काही केळीचा भाव पडल्याची बातमी ऐकली. पापण्यांखाली बुबुळं इकडून तिकडे पळत होती. वीस दिवसांचं माणूस! ना शेत पाहिलं, ना बाजार. हिच्या आत एवढं काय चाललं असेल? आम्ही बघतच राहिलो. ती थांबली की आम्हा दहा जणांचा श्वास थांबायचा. ती सुरू झाली की दहा जण सुस्कारा सोडायचे, आणि त्या वाऱ्यानं तिचं टोपडं हलायचं.

तेवढ्यात गावातल्या आशाताई बाळाच्या तपासणीला आल्या. गोल करून उभी माणसं पाहून दारातच थबकल्या. "अगं बाई, कोण गेलं?"

मी म्हणालो, "गेलं नाही ताई, जाऊन येऊन आहे!"

त्यांनी पोरीचे ओठ पाहिले, घड्याळ लावून श्वास मोजले आणि हसल्या. "अहो भाऊ, एवढ्या लहान बाळाचं असंच असतं. भराभर श्वास, मग पाच-सात सेकंद थांबणं, परत सुरू. हसणं, दचकणं, कुंथणं, सगळं झोपेत. दिवसरात्र मिळून सोळा-सतरा तास झोपेल, पण तुकड्यातुकड्यानं. तिला दिवस-रात्र अजून कळत नाही. ओठ निळे पडले किंवा श्वास फारच वेळ थांबला, तर मात्र लगेच दवाखाना."

"म्हणजे टिचकी नको?"

"टिचकी तुम्हाला मारली पाहिजे!"

मला हायसं वाटलं, आणि तेव्हाच लक्षात आलं, पोरगी शेवटची थांबली तेव्हापासून मी श्वासच घेतला नव्हता. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी भांड्यांच्या मांडणीवर कोसळलो. ताटं, तांबे, दोन पातेली, सगळं खाली!

पोरीनं दोन्ही हात वर उडवले, परत खाली घेतले, आणि झोपली.

बायको दारात आली. "किती वेळ झोपली मी?"

"बारा मिनिटं," आबा हळूच म्हणाले.

तिनं गर्दी पाहिली, कोयते पाहिले, ताटांत पडलेला मी पाहिला.

"अगं, तिचा श्वास मधे मधे थांबत होता!"

"तुमचा रोज थांबतो," बायको म्हणाली. "घोरता घोरता मधेच गप पडता. मी कधी गल्ली गोळा केली का? उलट तेवढ्यातच माझा डोळा लागतो!"