देवमन भोयाची वाम

देवमन भोई नदीवर निघाला की गल्लीतल्या मांजरी रांगेनं त्याच्या मागं निघत. आता त्याच मांजरी त्याला पाहून कूसही बदलत नाहीत. वर धरण झालं, वाहतं पाणी अडलं आणि गावापुढं उरली हिरवी डबकी. गावची नाली तिथंच येऊन सुटते, पण तिची घाण पुढं वाहून न्यायला धारच नाही. अशा पाण्यात चिलापी मासळी तेवढी मजेत नांदते. सापासारखी लांब, सडपातळ वाम म्हणजे वाहत्या पाण्यातली, दगडगोट्यांतली राणी. ती गेली ती गेलीच.

हे ठाऊक असून पोरीच्या लग्नात, भर पंगतीत देवमननं छाती फुगवली. "इवाई, पयल्यांदा घरी याल त्या दिवशी नदीची वाम चारतो. नाही चारली तर भोई म्हनून नाव सांगनार नाही!"

हे व्याही म्हणजे पोरीचे, पौर्णिमाचे सासरे खुशालराव. मूर्तिजापूरचे, खाण्यातले दर्दी. ते कशाला विसरतात! चैत्रात फोन आलाच. "रविवारी येऊन राहिलो. घरून उपाशीच निघतो."

"घ्या," गोदाबाई नवऱ्याला म्हणाली. "लग्नात तोंड आपलं होतं, वाम कोनाची होती?"

"तू मसाला वाट. वाम मी आनतो."

"वाटते. चिलापीलेई चालते तो."

देवमन डोहावर गळ टाकून बसला. माशांनी नाही, मच्छरांनी खाल्लं. पण शनिवारी खालच्या गावांना प्यायला म्हणून धरणातून पाणी सोडलं आणि नदीला धार लागली. बस, देवमनच्या अंगात आजा संचारला! पाणी वाढलं की मासे धारेविरुद्ध वर चढतात, हे त्याच्या घराण्यात पाळण्यात शिकवलेलं. माळ्यावरचा बांबूचा सापळा काढला, तोंड खालच्या अंगाला करून धारेत रोवला. खालून चढणारी वाम सरळ आत.

हे पाणी पावसाचं नाही, धरणाच्या तळाचं आहे, एवढं मात्र तो विसरला. थंडगार, काळपट, सडक्या अंड्यासारखा वास. मासे वर चढतात कशाचे, त्या पाण्यात दम कोंडून चिलापीसुद्धा उताण्या तरंगल्या. सकाळी सापळ्यात निघाली जलपर्णी आणि एक चप्पल, तीही डाव्या पायाची. अन् मागच्या, धरणाकडच्या अंगाला, बाहेरून, धापा टाकत टेकलेला भलामोठा कटला मासा! वर धरणात पाळलेला, पाण्यासोबत वाहत आलेला.

गोदाबाईनं तो पाहिला अन् पदर तोंडाला लावला. "का जी, वाम बरीच पोसली ना? पार रुंद झाली!"

"हास मंग. आधी याचे बारीक, लांब लांब तुकडे कर."

"करते. पन इवाई काई आंधये नाहीत."

खुशालराव जेवायला बसले. पहिला घास तोंडात घेतला, डोळे मिटले. देवमन हातात पळी धरून समोर उभा.

"वा इवाई! अशी वाम मी जन्मात खाल्ली नाही. डब्यात जराशी द्या. घरी सांगतो, भोयाची वाम हाय."

झालं की काम! शब्द राहिला, नाव राहिलं. गोदाबाई डबा घ्यायला उठलीसुद्धा. पण देवमननं हातातली पळी खाली ठेवली.

"थांबा. कटला हाय तो. धरनाचा."

"मले पयल्याच घासाले समजलं," खुशालराव मिशीत हसले. "पन राहू द्या ना. तुमचा शब्द राह्यते."

"शब्द गेला तं जाऊ द्या, इवाई. पन घरी वाम म्हनून सांगू नका. वामीले असा चिखलाचा वास नव्हता. फुकटची तिची बदनामी होईन."

"मंग काय सांगू?"

"सांगा, भोयानं फसोलं."

खुशालरावांनी ताट पुढं सरकवलं. "बरं. मंग वाढा त्या फसवनुकीचा अजून एक तुकडा. डोक्याकडचा."