स्टीलचा पेला

आखातात, कुरुमच्या ऑफिसात एक दोस्त माझ्या शेजारी बसायचा. गावाकडच्या निवडणुकीचा विषय निघाला की ठासून सांगायचा, “अरे, जातधर्म काही नसतं. हाताला काम नाही, म्हणून लोक तशी मतं देतात.” मी मान डोलवायचो.

दर शुक्रवारी सुट्टीला आम्ही बरक्याच्या मासळीबाजारात जायचो. रत्नागिरीचे चाचा सुरमई कापता कापता चहा मागवायचे. हा गाडीतून स्वतःचा स्टीलचा पेला आणायचा. “सवय रे,” म्हणायचा. पगार चांगला होता त्याचा.

तो कायमचा गावी गेला. शुक्रवार अजून सुना वाटतो. परवा चाचांनी मला नव्याकोऱ्या कपात चहा दिला.

“तुमच्या दोस्तासाठी आणून ठेवलेला,” ते म्हणाले. “आमच्यातलं कोणी यात कधी प्यायलं नाय.”