तीन रकाने, एक नवरदेव
देवासच्या मराठी समाजाच्या वधू-वर मेळाव्याचा ऑनलाइन फॉर्म मी बनवला होता. नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने. फॉर्ममागचं पीएचपी कोडिंग ते जोडून एका ओळीत दाखवायचं. समाजाच्या सचिवकाकांनी आपल्या मुलाचा फॉर्म भरला, तो पहिल्याच रकान्यात तिन्ही नावं लिहून. दुसऱ्यात स्वतःचं पूर्ण नाव, तिसऱ्यात आडनावासोबत मूळ गाव. स्क्रीनवर नवरदेवामागे अख्खी वरात!

"काका, एका रकान्यात एकच शब्द!" मी वैतागलो.

"बापाचं नाव न लावता लिहू? पोरगा काय बेवारस आहे?"

शेवटी मी 'पूर्ण नाव' असा एकच रकाना ठेवला. त्यात काकांनी लिहिलं, "आमचा मुलगा." वर माळवी ढंगात मलाच भाऊ करत म्हणाले, "भिया, देवासात त्याला कोण ओळखत नाही?"