लाळेच्या तपासणीनंतर मी बोललेलं एक वाक्य

आज घरी आले तरी मन दवाखान्यातच अडकलंय, म्हणून तुम्हाला सांगते.

मी बोईसरला दातांची डॉक्टर. मागच्या महिन्यात जवळच्याच किनाऱ्यावरच्या नवापूरची एक मासे विकणारी बाई दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. दात किडण्याचा धोका किती, याचा अंदाज लाळेतल्या जंतूंवरून येतो. मी दोघींची लाळ तपासली. आईच्या लाळेत जंतू खूपच निघाले. त्यात ती माशाचे काटे स्वतःच्या तोंडाने काढून तोच घास लेकीला भरवते, असं कळलं. मी फटकन बोलून गेले, "मग पोरीला कीड तुमच्याच तोंडातून लागणार!"

आज दोघी परत आल्या. मुलीने लाडाने गाल पुढे केला, तर आईने मान फिरवली.

"महिना झाला, तिचा मुका घेतला नाय मी. माजं तोंड घाण हाय ना, डॉक्टर?"

काटे हाताने काढा, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. तिच्या किडलेल्या दातांवर उपचार करू, हे तर मी बोललेच नव्हते. असं काही तुमच्याही तोंडून गेलंय का कधी?

मी म्हटलं, "ताई, गालाचा मुका खुशाल घ्या."

तिने आधी पदराने ओठ खसाखसा पुसले.