आईचे परीक्षक सर

सख्ख्या आईवर जळणं बरं दिसत नाही, म्हणून मी दार लावून जळत होतो.

मी वेब डेव्हलपर. पुण्यातल्या कंपनीचं काम अंबाजोगाईत घरी बसून करतो. (शेजाऱ्यांच्या भाषेत, 'पोरगं घरीच असतंय.') आई युसूफ वडगावच्या शाळेत शिक्षिका होती. चौथीला मी तिच्याच वर्गात होतो. गणितात पैकीच्या पैकी पडले तरी तिने पेपरवर लाल पेनाने लिहिलं, 'अक्षर सुधारावे.' तेव्हापासून माझी आयुष्याकडून एकच मागणी आहे. आईने एकदा तरी म्हणावं, राहुल, तुला येतं रे.

रिटायर झाल्यावर आई बुद्ध विहारातल्या अभ्यासिकेची लायब्ररी सांभाळू लागली. तिथे मी मोठ्या तोऱ्यात एक सॉफ्टवेअर बसवून दिलं. ते ओपन सोर्स. म्हणजे जगभरातली माणसं मिळून फुकटात बनवतात. कुणाला चूक दिसली तर त्याने ती दुरुस्त करून पाठवायची, तिथली जाणती मंडळी तपासतात आणि पसंत पडली तर घेतात. मी आजवर तीन दुरुस्त्या पाठवल्या होत्या आणि तिन्ही साभार परत आल्या होत्या. (घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच.)

एकदा पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्या एका पोरीने पुस्तक परत केलं, तरी ते तिच्याच नावावर दिसायला लागलं. सॉफ्टवेअर तिला दुसरं पुस्तक देईना. आई तणतणत घरी आली.

"राहुल, हे दुरुस्त कर."

"आई, ते एवढं सोपं न्हाई."

"मग मला शिकव."

इथे मी हसलो. ते हसणं मला फार महागात पडलं.

आईने दोनशे पानी वही आणली, समास आखला, तारीख घातली. कोड आधी वहीत लिहायचा, लाल पेनाने स्वतःच तपासायचा, मग लॅपटॉपवर चढवायचा. पहिल्या आठवड्यात ती मला विचारायची. दुसऱ्या महिन्यात असे प्रश्न विचारू लागली की मला अचानक मीटिंग आठवायची. तिसऱ्या महिन्यात तिने दुरुस्ती पाठवली आणि चार दिवसांत ती घेतली गेली. वर 'उत्कृष्ट काम' असा शेराही आला.

"आनंद झाला का रे?"

"लई झाला," मी म्हणालो आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

गल्लीत पेढे वाटले. समोरच्या काकू म्हणाल्या, "बाई, तुमचा राहुलबी तसलंच कायतरी करतोय ना?"

"करतोय आपला त्याच्या परीनं," आई म्हणाली.

हे 'त्याच्या परीनं' मला सोसलं नाही. दुपारी आई विहारात गेल्याबरोबर मी 'परीक्षक' या नावाने एक नवं खातं उघडलं आणि तिच्या कामाखाली खरमरीत टीका लिहिली. 'काम पोरकट आहे. एकच गोष्ट तीन ठिकाणी लिहिली आहे. घाई दिसते, विचार दिसत नाही.' मराठीतच लिहिलं, म्हणजे तिकडच्या गोऱ्या मंडळींना कळू नये आणि आईला मात्र बरोबर झोंबावं.

संध्याकाळी आईने ते वाचलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, असल्या लोकांकडे लक्ष देऊ नये गं."

"कावून देऊ नये? अरे, सगळा जन्म मी दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल पेन चालवला. माझ्या वहीवर आज पहिल्यांदा कुणीतरी चालवला. किती बारकाईनं वाचलंय बघ ह्या माणसानं!"

तिने लगेच उत्तर टाकलं. 'आदरणीय परीक्षक सर, जय भीम. आपण दाखवलेली चूक मान्य आहे. कृपया मार्गदर्शन करत राहावे.'

आता आली का पंचाईत? उत्तर नाही द्यावं तर आई हिरमुसायची. द्यावं तर ती पाठवत असलेल्या नव्या नव्या दुरुस्त्यांत चुका शोधायला हव्यात, आणि चुका दिवसेंदिवस मिळेनात. मी पहाटे उठून अभ्यास करायला लागलो. कॉलेजात चाळली नव्हती ती पुस्तकं वाचली. सर म्हणून टिकायचं तर दुसरा इलाज नव्हता. कंपनीतही माझं काम सुधारलं. घरात मात्र माझी किंमत रोज उतरत होती.

सकाळी चहाच्या वेळी मी म्हणायचो, "आई, ही यादी दोनदा कशाला मागवतेस? एकदाच मागव."

"तुला काय कळतंय त्यातलं? सरांना विचारते."

दुपारी सर तेच सांगायचे. संध्याकाळी आई म्हणायची, "बघ, याला म्हणतात डोकं."

माझी बायको रेश्मा भाजी निवडता निवडता गालात हसायची. तिला मी सगळं सांगितलं होतं. ही माझी दुसरी चूक.

आषाढ पौर्णिमा जवळ आली आणि आईने ठरवलं की विहारातल्या कार्यक्रमात सरांचा सत्कार करायचा. महिला मंडळाने एकमताने होकार दिला. शाल आली. मी घाईघाईने सरांच्या वतीने लिहिलं, 'प्रकृतीमुळे येणे शक्य नाही. मी दूर राहतो.'

"दूर म्हणजे लातूर असंल," आई म्हणाली. "जीप करू. आपणच जाऊ सगळ्या. राहुल, तू पण चल. तेवढंच चांगल्या माणसाचं दर्शन."

बारा बायका जीपमध्ये घालून मी मलाच शोधायला लातूरला निघणार, हे डोळ्यांसमोर आलं आणि माझा धीर सुटला.

"आई, परीक्षक म्हणजे मीच हाय."

आईने चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"लाज न्हाई वाटत? दुसऱ्याच्या कष्टावर आपलं नाव लावतोस?"

"अगं खरंच मी हाय! हे बघ." मी लॅपटॉप आणून तिच्यासमोर सरांचं खातं उघडून दाखवलं. आईने ते वरपासून खालपर्यंत वाचून काढलं. मला वाटलं, आता म्हणते, राहुल, तुला येतं रे.

"सरांच्या खात्यात घुसलास तू?" ती म्हणाली. "चोरी करायला शिकवलं का मी तुला? रेश्मा, तू सांग, याला एवढं येतं का?"

रेश्माने मेथीची जुडी सोडली. "आई, मला बाई त्यातलं काही कळत नाही."

लातूर रद्द झालं. (अशा घरातून कुठल्या तोंडाने जायचं, असं आईचं मत.) शिक्षा म्हणून मी सरांना माफीपत्र लिहायचं होतं. मी लिहिलं. आईने ते तपासलं, दोन वाक्यं खोडली, परत लिहायला लावलं आणि समोर बसून पाठवायला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मला माफ केलं. हाती आलेली संधी कोण सोडतो? सरांच्या नावाने लिहिलं, 'मॅडम, मुलावर रागावू नका. तो अत्यंत हुशार आहे. त्याच्याएवढं ज्ञान मी फार थोड्या लोकांत पाहिलं.'

आईने ते मोठ्याने वाचलं. दोनदा वाचलं. मी छाती पुढे काढून उभा.

"केवढं मोठं मन हाय बघ माणसाचं," आई म्हणाली. "तुझ्यासारख्यालाबी हुशार म्हणतात."

मग मात्र मला त्या माणसाचा असा काही राग आला! महिनाभर फुकटचा मान खातोय मेला. मी त्याचे सगळे जुने सल्ले उपसले, एका ठिकाणी त्याची धडधडीत चूक सापडली, आणि नाचतच आईकडे गेलो.

"हे बघ, तुझे सर इथं साफ चुकलेत."

आईने वहीतून मान वर केली नाही.

"सरांची चूक काढायला आधी सरांएवढा अभ्यास लागतो, राहुल."

सध्या मी तोच करतोय.