एरंडाच्या पानाखालचे पळणारे

वऱ्हाड मध्यप्रांतात होता, तेव्हाची गोष्ट. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात चांदूर बाजारजवळच्या आमच्या मळ्यात वांग्यांवर लाल कोळी ही कीड पडली. पानांखाली जाळी धरली, पानं पिवळी पडली. सासरे झाडं उपटायला निघाले, तर सासूबाईंनी त्यांना अडवलं.

"आठ दिवस पायतो. नाई त उपटतो," सासरे म्हणाले.

विहिरीकाठच्या एरंडाच्या पानांखाली सासूबाईंना बारीक, फिकट ठिपके दिसले होते. भारी पळणारे. "लाल ते झाडाले खाते, अन् हे पयणारे त्या लालाले खातात," त्या सांगायच्या. थंडीत ते सुस्त पडतात, ऊब आली की भराभर वाढतात आणि झळा लागल्या की त्यांची अंडी सुकतात, हे त्यांनी दोन वर्षं नुसतं बघून ठरवलं होतं. त्या बाईनं शाळा पाहिली नव्हती, पण बघावं कसं ते तिला कळत होतं. घरात सगळे हसायचे. मीही हसले.

काम माझ्याकडे आलं. "उजाडायच्या आत वाफ्याले पानी दे, अन् एरंडाचे पानं वांग्याच्या पानाखाली बांधजो." दोन दिवस मी ते केलं. मग कंटाळले. पहाटेची झोप मोडायची ती ठिपक्यांसाठी? भर दुपारी जायचे आणि कोरड्या वाफ्यात पानं झाडांवर फेकून यायचे. वैशाखाच्या उन्हात ती घटकाभरात कुरकुरीत व्हायची.

आठव्या दिवशी सासऱ्यांनी वांगी उपटली. सासूबाई बांधावर बसून बघत होत्या. "माह्याच डोयाले भास झाला असन," एवढंच म्हणाल्या. मी खरं सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा कोळी आला. सासूबाई एरंडाकडे फिरकल्याही नाहीत. मन खात होतं, म्हणून मीच रोज पहाटे उठले, वाफे भिजवले, पानं बांधली, दुपारी वर ओलं तरट टाकलं. पंधरा-वीस दिवसांनी नवी पालवी फुटली, ती अगदी स्वच्छ.

सुनेच्या हाताला गुण आहे, असं सासरे गावभर सांगत सुटले. सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मले नाई जमलं, तुले जमलं पोरी," म्हणाल्या, आणि त्यांना मनापासून आनंद झाला होता. मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, सून लाजली.